‘स्कॅन झालंय ना?’

वाचकाचा प्रश्न
(संस्था ओळखू येऊ नये म्हणून नाव-गाव वगळून पत्राचा गोषवारा देत आहे.)

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी सव्वाशे वर्षांहून जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई तिथे एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहेत. माडीवरच्या चार कपाटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची मराठी मासिकं, गावातल्या घराण्यांनी दिलेल्या साठेक पोथ्या, थोडी मोडी कागदपत्रं आणि एका सावकाराच्या खतावण्या आहेत. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्याकडच्या एका विद्यापीठामार्फत प्रस्ताव पाठवला आहे. हे सगळं त्यांच्या अनुदानातून स्कॅन करायचं आणि जगभर मोफत खुलं ठेवायचं. करारावर महिन्याभरात सही हवी आहे.

मंडळात तीन मतं आहेत. अध्यक्ष म्हणतात, परदेशी लोक आपला ठेवा घेऊन जातील. कोषाध्यक्ष म्हणतात, फुकट कशाला, पीडीएफ विकू, नाहीतर वाचनालयात येईल कोण? एक तरुण सदस्य म्हणतो, करार-बिरार हवाच कशाला, मोबाइलने फोटो काढू आणि ड्राइव्हवर टाकू. पत्राच्या शेवटी ताई लिहितात, “अध्यक्ष मला म्हणाले, बाई, काय करायचं ते करा, पण सही तुमची राहील. उद्या काही झालं तर गाव मला विचारेल. मी काय करू?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा करार, अनुदान आणि विद्यापीठ एवढंच दिसलं. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीवर अडले. तुमची झोप स्कॅनरने उडवलेली नाही, त्या ‘सही तुमची राहील’ने उडवली आहे. म्हणून आधी तेच निस्तरू.

सही तुमची राहणार नाही. माडीवरची कपाटं संस्थेच्या मालकीची आहेत आणि संस्थेच्या वतीने करार कुणी करायचा हे तुमच्या घटनेत लिहिलेलं असणार. कपाटातून घटनेची प्रत काढा. बहुतेक ठिकाणी कार्यकारी मंडळाचा ठराव होतो आणि अध्यक्ष, कार्यवाह सही करतात. ग्रंथपाल हा संस्थेचा सेवक. करारात तुमचं नाव ‘प्रकल्प समन्वयक’ म्हणून येऊ शकतं, आणि ते यावंच, कारण काम तुम्ही करणार आहात. पण संमती देणारे तुम्ही नाही. अध्यक्षांना तोंडी सांगू नका, चार ओळींचं पत्र द्या: “हा विषय मंडळापुढे ठेवावा, ठरावाची प्रत मिळाल्यावर मी पुढील काम करीन.” त्याची पोच घ्या. एकोणीस वर्षं तुम्ही पुस्तकांची दाखलनोंद केलीत, आता या पत्राचीही करा.

आता अध्यक्षांची भीती. तिला मी हसणार नाही. आपल्याकडून ताम्रपट, मूर्ती आणि हस्तलिखितं बाहेर गेली ती काही दंतकथा नाही. पण प्रस्ताव नीट वाचा आणि बघा, काय जाणार आहे? वस्तू की प्रत?

या बाबतीत चेन्नईतलं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तामिळनाडूत कोट्टैयूर नावाच्या गावी रोजा मुथैया चेट्टियार नावाचे एक गृहस्थ होते. जुनी तामिळ पुस्तकं, मासिकं, जाहिराती, अगदी हँडबिलंसुद्धा ते आयुष्यभर जमवत राहिले. 1992 साली ते गेले. मग तो सगळा संग्रह शिकागो विद्यापीठाने घेतला. आणि घेऊन शिकागोला नेला नाही, चेन्नईतच ठेवला. तिथे 1994 पासून रोजा मुथैया संशोधन ग्रंथालय उभं राहिलं. पानांच्या मायक्रोफिल्म तिथेच काढल्या, सूची तिथेच झाली, माणसं तिथलीच शिकली. आज तामिळ छपाईवर काम करायचं तर परदेशी अभ्यासकाला चेन्नईला यावं लागतं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दप्तरांसाठीचा अनुदान कार्यक्रम 2004 पासून चालू आहे. अर्केडिया नावाचा निधी त्याला पैसा देतो. त्याचाही नियम हाच, की मूळ कागद देशाबाहेर जायचा नाही आणि स्कॅनची एक प्रत स्थानिक संस्थेकडे राहायची. लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2018 पासून अर्केडियाच्याच पैशातून असाच कार्यक्रम चालवला आहे, तो विसाव्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या साहित्यासाठी. ही दोन नावं मुद्दाम सांगते. तुमच्या प्रस्तावातल्या अटी या नियमांपेक्षा कडक असतील, तर ‘इतरांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही?’ एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे. अनुदान देणारा उपकार करतो असं आपल्याला उगाच वाटतं. त्यांना तुमच्या कपाटातलं हवं आहे म्हणून ते आले आहेत.

आणि अध्यक्षांना हेही सांगा की शिकागोपेक्षा नदी जवळ आहे. 22 जुलै 2021 ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखं जुनं वाचनालयही त्यातून सुटलं नाही. तुमची कपाटं माडीवर आहेत ही कृपाच. पण वाळवीला जिना लागत नाही, आणि कौलातून गळणारं पाणी आधी माडीवरच पडतं. शिवाय तो कागद स्वतःच स्वतःला खातो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी घातलेला स्वस्त कागद आला. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं धागे तोडत राहतं. त्यामुळे तुमच्या पोथ्यांचा हातकागद दोनशे वर्षांनीही वळतो आणि 1895 चं मासिक मात्र घडीवर मोडतं. उद्या एक अंक उघडून बघा. पान उलटलं की टेबलावर बिस्किटाचा चुरा पडावा तशी पिवळी भुकटी पडेल. त्या भुकटीत अक्षरं असतात, ताई.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे मी ‘हो’ म्हणतेय. हो, म्हणतेय. पण मला खरी काळजी ज्याची वाटते ते तुमच्या मंडळात कुणीच बोललेलं नाही. स्कॅन केलं म्हणजे जतन झालं, असं तिघांनीही गृहीत धरलं आहे.

माझीच गोष्ट सांगते. 2004 च्या सुमारास मी ज्या कॉलेजात होते तिथे आम्ही जुन्या अंकांचं स्कॅनिंग केलं. केवढा उत्साह! मुलं रात्री आठपर्यंत थांबत. दोनशेच्या वर सीडी झाल्या, प्रत्येकीवर मी बॉलपेनने नाव घातलं आणि लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवल्या. तीन वर्षांनी जागा कमी पडू लागली तेव्हा वरून प्रश्न आला, “स्कॅन झालंय ना? मग हे गठ्ठे कशाला?” मी गप्प बसले. गठ्ठे रद्दीत गेले. दहा वर्षांनी कुणी संशोधक आला म्हणून सीडी काढल्या. तिसरा हिस्सा उघडेचना. ज्या उघडल्या त्यांत पानं 150 डीपीआयची (म्हणजे इंचाला दीडशेच ठिपके), तळटीपा वाचता येऊ नयेत अशी. एका अंकाच्या दर चौथ्या पानावर पान धरणाऱ्या मुलाचा अंगठा होता. कुठला अंक कुठल्या सीडीवर याची वही होती, ती मात्र सापडली नाही. तेव्हा बोलले असते तर निदान गठ्ठे राहिले असते.

म्हणून मंडळाच्या ठरावात पहिली ओळ ही घाला: स्कॅन झाल्यावरही कोणताही मूळ अंक बाद केला जाणार नाही.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या साथीने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ झाली, लाखो पुस्तकं स्कॅन झाली. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. पुस्तकं वाचली, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर होत्या. पण तिथे एखादं मराठी पुस्तक शोधून बघा. नावं रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने. आपला एक ‘ज्ञ’ घ्या, कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जे-एन, कुणी जी-वाय. पुस्तक आहे पण सापडत नाही, म्हणजे वाचकापुरतं नाहीच. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर 2023 मध्ये सायबर हल्ला झाला आणि त्यांच्या कितीतरी ऑनलाइन सेवा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. वर्षभराने इंटरनेट आर्काइव्हचीही तीच गत झाली, ते काही दिवसांत सावरले. लंडनच्या सर्व्हरचं असं होतं, तर आपल्या एका पेन ड्राइव्हचं काय घेऊन बसलात!

यावर ग्रंथालयांनी काढलेला तोडगा आपल्या आजीच्या लोणच्याच्या बरण्यांसारखा आहे, सगळं एका बरणीत ठेवायचं नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक गावाबाहेर. हे महाग नाही. हिशेब करून दाखवते. ए-फोर मापाचं एक रंगीत पान 300 डीपीआयने, न दाबता, टिफ फाइलमध्ये ठेवलं की साधारण 25 एमबी होतं. अठ्ठेचाळीस पानी मासिक, बारा अंक, चाळीस वर्षं, म्हणजे 23,040 पानं. सगळी मिळून पावणेसहाशे जीबीच्या आसपास. दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर ती तीनदा मावतील. तुमच्या मासिकांची पानं ए-फोरपेक्षा लहानच असतील, म्हणजे आणखी कमी. तेव्हा ‘मूळ टिफ फाइली आमच्याकडे ठेवतो, तुम्हाला पीडीएफ देतो’ असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. पीडीएफ म्हणजे दाबून लहान केलेली वाचायची प्रत. मूळ फाइली तुमच्याकडे, विद्यापीठाकडे आणि परदेशात, तिन्हीकडे हव्यात. वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा, सरस्वतीपूजनाच्या दिवशी, डिस्क जोडून फाइली उघडतात का ते बघायचं आणि पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवायचं. फाइल बदलली किंवा बिघडली नाही ना हे ताडणारे ‘चेकसम’ आकडे असतात, ते विद्यापीठाच्या माणसाकडून मागून घ्या आणि कसे ताडायचे तेही शिकून घ्या.

कोषाध्यक्षांचं म्हणणं थोडक्यात निकाली काढू. वाचनालयात रोज येणारी माणसं कोण? सकाळी वर्तमानपत्रवाले आजोबा, दुपारी मालिका आणि कादंबऱ्या दोन्ही सांभाळणाऱ्या काकू, आणि दिवसभर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं. गेल्या वर्षात 1893 चा अंक किती जणांनी मागितला? तुम्हीच सांगा. जो मागेल तो नागपूर, पणजी नाहीतर हायडेलबर्गला बसलेला असेल आणि पीडीएफचे पन्नास रुपये भरण्यासाठी तुमच्या बँक खात्याचा क्रमांक शोधणार नाही. उलट खुल्या प्रतीवर तुमच्या वाचनालयाचं नाव दिसलं की त्यातलाच एखादा मूळ अंक बघायला गावी येतो. फक्त अध्यक्षांना पानभर तिरका शिक्का मारू देऊ नका! त्याने वाचक वैतागतो आणि अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर तर हातच टेकतं. ते आधीच आपल्या जोडाक्षरांना आणि जुन्या छापखान्यांच्या खिळ्यांना कंटाळलेलं असतं. नाव सुरुवातीच्या पानावर आणि प्रत्येक नोंदीत घाला, पुरे.

मात्र ‘खुलं’ हा शब्द सरसकट वापरू नका. तुमच्या चार कपाटांत चार तऱ्हा आहेत.

छापील मासिकांना कॉपीराइटचा कायदा लागतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांचं झालं. आचार्य अत्रे 1969 साली गेले, म्हणजे त्यांचं 2030 उजाडल्यावर. टोपणनावाने किंवा निनावी लिहिलेलं असेल आणि लेखक उघड झाला नसेल तर प्रकाशनापासून साठ वर्षं. मासिकाची गंमत अशी की एकाच अंकात एका लेखाचा हक्क संपलेला असतो आणि पुढच्या कवितेचा चालू असतो. म्हणून रेघ जुन्या बाजूला ओढा. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या टप्प्यात 1920 च्या आतलेच अंक घेतले असते. त्यातही विशीत लिहायला लागून दीर्घायुषी झालेला एखादा लेखक निघेलच, त्याचं नाव बाजूला काढून तपासायचं. त्यानंतरचे अंक स्कॅन करून ठेवायला हरकत नाही. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या पुस्तकाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायची मुभा कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. फक्त ते जगाला खुलं करायचं नाही. आणि ज्याचा हक्क संपलाय त्याच्या स्कॅनवर ‘सर्व हक्क राखीव’ असं परदेशी विद्यापीठ किंवा तुमचं मंडळ छापू पाहत असेल तर मला दोन्ही सारखंच हास्यास्पद वाटतं.

पोथ्या या घराण्यांनी दिल्या आहेत. कशा दिल्या? दान म्हणून की ‘सांभाळायला’? जुन्या दाखलनोंदीत बघा. नोंद नसेल तर वारसांकडे जाऊन एक कागद करून घ्या. दाराशी गेलात की चहा होईल, आजोबांच्या आठवणी निघतील आणि कदाचित माळ्यावरचा आणखी एक रुमाल खाली येईल. त्या रुमालाचा गठ्ठा सोडण्याआधी तो जसाच्या तसा बांधलेला असताना फोटो काढा. कुठल्या पोथीसोबत कुठली पोथी बांधली होती, तीसुद्धा माहितीच असते. पोथ्यांसाठी या परदेशी अनुदानावर अवलंबून राहायचीही गरज नाही. 2003 पासून राष्ट्रीय पांडुलिपी मिशन होतं, आता ‘ज्ञान भारतम्’ नावाने केंद्र सरकारने तेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं आहे. 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित त्यात बसतं.

सावकाराच्या खतावण्यांवर मात्र मी अडून बसेन. इतिहासाच्या दृष्टीने त्या तुमच्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू असू शकतात. दुष्काळात कुणी किती व्याजाने धान्य उचललं, कुणाची जमीन कधी गहाण पडली, हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पण त्या नावांची नातवंडं-पणतवंडं तुमच्याच गावात राहतात. कुणाच्या पणजोबाने कुणाचं शेत गिळलं हे चावडीवर मोबाइलमध्ये उघडून वाचलं जाईल तेव्हा लंडनहून किंवा शिकागोहून कुणी मध्ये पडायला येणार नाही. तेव्हा स्कॅन जरूर करा, सूचीत नोंद खुली ठेवा, पानं मात्र वाचनालयात येऊन, अर्ज करून, बघायची. करारात ‘सर्व साहित्य’ असा शब्द असेल तर तिथे ‘परिशिष्टात नमूद साहित्य’ करून घ्या. या एका दुरुस्तीने तुमचं निम्मं ओझं उतरेल.

पैशाचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय: ‘अनुदान विद्यापीठाकडे येईल, ते आम्हाला पुढे देतील.’ इथे थांबा. परदेशी देणगीच्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आहे. विद्यापीठांचं प्रकरण थोडं वेगळं असू शकतं, पण ते ठरवणं तुमचं-माझं काम नाही. तुमच्या सीएंना कागद दाखवा. सोपी वाट अशी, की वाचनालयाच्या खात्यात रोख रक्कम घ्यायचीच नाही. कॅमेरा आणि स्टँड विद्यापीठाने विकत घेऊन द्यावा, काम करणाऱ्या दोघांचं मानधन विद्यापीठाने थेट द्यावं, आम्लरहित कागदाच्या पेट्या विद्यापीठाने पाठवाव्यात. तुम्ही फक्त साठा नोंदवहीत ‘मिळाले’ लिहायचं. आपल्या क्षेत्रात सरकारकडून मिळतं त्याला ‘परिरक्षण अनुदान’ म्हणतात, आणि त्यातून पगार व पुस्तकं भागवता भागवता परिरक्षणाला काय उरतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून या प्रकल्पात साधनं काम झाल्यावर तुमच्याकडेच राहतील असं लिहून घ्याच.

मानधनातली एक जागा तुमच्या गावातल्या कुणाला मिळावी आणि तुमच्या स्वतःच्या जादा कामाचा मोबदला अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत असावा. हे मागायला लाजू नका. आपल्या ग्रंथपालांचे पगार किती असतात हे ज्यांना ठाऊक नाही अशा लोकांनी ते अंदाजपत्रक केलेलं असतं.

तुमच्या त्या तरुण सदस्याला उडवून लावू नका, मंडळात हातपाय हलवायला तयार असलेला तोच दिसतोय. मोबाइलने मासिकं स्कॅन करू नयेत हे खरं. उजेड एकसारखा येत नाही, पान वाकडं येतं, आणि कुणाच्या तरी खासगी खात्यातला ड्राइव्ह त्याचा पासवर्ड विसरेपर्यंतच टिकतो. पण त्याला दुसरं काम द्या. कपाटातल्या प्रत्येक वस्तूचं मुखपृष्ठ आणि शीर्षकपान मोबाइलने टिपायचं आणि एक तक्ता भरायचा: नाव देवनागरीत, वर्ष, महिना, संपादक, छापखाना, पानं किती, कुठली फाटकी, कुठली गायब. महिन्याभरात मंडळाच्या हाती हा तक्ता पडला की करारावरची चर्चाच बदलेल. आज अध्यक्ष ‘ठेवा’ म्हणतात, पण त्या ठेव्यात काय आहे हे त्यांना तरी माहीत आहे का?

तक्ता झाला की तो ताडून बघा. शंकर गणेश दाते यांची 1800 पासूनची मराठी ग्रंथसूची आणि नियतकालिकांची सूची जिल्ह्याच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात मिळेल. शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ हा मोफत संग्रह जेस्टोर या अभ्यासकांच्या संकेतस्थळावर आहे. इंटरनेट आर्काइव्ह आहे. राज्य मराठी विकास संस्थेनेही काही दुर्मीळ पुस्तकं संगणकावर आणली आहेत. जे आधीच चांगल्या प्रतीत खुलं आहे त्यावर पुन्हा अनुदान कशाला जाळायचं? तुमच्याकडे एखाद्या मासिकाचे असे सात अंक निघतील जे इतर कुठे नाहीत. आधी ते. आणि प्रस्तावात ‘फक्त आमच्याच संकेतस्थळावर’ असं काही असेल तर ते खोडा. तुमच्या प्रती तुम्ही हव्या तिथे ठेवू शकला पाहिजेत.

मग महिन्याभरात सही करायची की नाही? पूर्ण करारावर नको. त्यांना लिहा की मंडळ तत्त्वतः अनुकूल आहे, यादी तयार होत आहे, तोवर दोन महिन्यांचा छोटा प्रयोग करू: 1920 पूर्वीचे पन्नास अंक, काम वाचनालयातच, मूळ फाइलींसह. माझ्या अनुभवाने दोन माणसं जीर्ण कागद सांभाळत दिवसाला चारशे पानं नीट करतात. पन्नास अंकांची अडीच हजार पानं धरली तर सात-आठ दिवसांचं काम आहे, उरलेला वेळ नोंदी तपासायला. अनुदानाची मुदत चुकेल असा धाक ते घालतील. चुकू दे. हे कार्यक्रम पुन्हा पुन्हा अर्ज मागवतात, आणि यादी हाती असलेली संस्था पुढच्या खेपेला स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते, मध्यस्थ निवडून.

प्रयोगाच्या आठवड्यात तुम्ही स्वतः टेबलापाशी बसा. हात धुऊन, कोरडे करून. अंक सपाट काचेवर पालथा दाबायचा नाही, कणा मोडतो. पाळण्यासारख्या आधारावर अर्धा उघडा ठेवून वरून फोटो घ्यायचा. घडीची पानं, जाहिराती, कोरी पानंसुद्धा सोडायची नाहीत. मुखपृष्ठ-मलपृष्ठावरच्या जाहिराती बांधणीत बहुतेकांनी फाडून टाकल्या आहेत, तुमच्याकडे असतील तर तेच सोनं. टेबलावर पांढरा कागद अंथरा. तुटलेला तुकडा पडला तर चिकटपट्टीला हात लावू नका, पानाचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवा.

आणि कितीही उकडलं तरी पंखा बंद.